स्पॅनिशमधली 'कुल्पा': दोष, ठपका, अपराध आणि मन खाणं

कुंदकळी
आमच्या क्लासला दर बॅचमध्ये एक गोष्ट ठरलेली. 'चूक माझी आहे' हे स्पॅनिशमध्ये सांगा म्हटलं की कुणीतरी आत्मविश्वासानं म्हणतं, 'एस मी फाल्ता'. डोक्यात इंग्रजी 'फॉल्ट' बसलेला असतो, त्याचा हा प्रताप. स्पॅनिशमध्ये फाल्ता म्हणजे उणीव, शाळेतली गैरहजेरी, फुटबॉलमधला फाउल, फार तर शुद्धलेखनाची चूक. 'हे कुणामुळे झालं' या अर्थाची चूक म्हणजे कुल्पा. एस कुल्पा मीआ, किंवा ला कुल्पा एस मीआ.

धागा या कुल्पाबद्दल आहे. (उच्चार देवनागरीत जमतील तितके लिहिलेत. ह मुका असतो, ब आणि व यांत फरक नसतो.)

मराठीत आपण केवढे शब्द वापरतो बघा. दोष, चूक, अपराध, गुन्हा, ठपका, बोल, आळ, खापर. शिवाय मनातलं वेगळंच: अपराधीपणा, खंत, रुखरुख, टोचणी. स्पॅनिशमध्येही प्रत्येकाला शब्द आहेत, पण निम्म्याहून अधिक काम एकटी कुल्पा उरकते. ती मनात असते, कोर्टात असते, नवराबायकोच्या भांडणातही असते. आणि ती हातात धरता येईल अशी वागवली जाते. कुणाकडे तरी ती 'असते' (तेनेर ला कुल्पा), कुणावर तरी ती 'टाकली' जाते (एचार ला कुल्पा), कुणी ती 'वाहतो' (कार्गार कोन ला कुल्पा), कुणी ती आपणहून 'स्वीकारतो' (आसुमिर ला कुल्पा). 'तू तिएनेस ला कुल्पा' म्हणजे दोष तुझा.

इथे मराठी माणूस हमखास अडखळतो, कारण आपण दोष 'देतो'. मग तो 'दार ला कुल्पा' म्हणतो. इटालियनमध्ये हे चाललं असतं, तिथे दोष देतातच. स्पॅनिशमध्ये टाकायचा. आपल्याकडे आळ 'घेतात', ठपका 'ठेवतात', बोल 'लावतात' आणि खापर 'फोडतात', तेव्हा क्रियापदाबद्दल कुरकूर करायचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. कप हातातून निसटला तर स्पेनमधला माणूस 'मी कप पाडला' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'से मे कायो ला तासा'. कप आपला आपण पडला, आणि 'मे' म्हणजे ते माझ्या बाबतीत घडलं, मला भोवलं. विसरलो तर 'से मे ओल्विदो', उशीर झाला तर 'से मे इसो तार्दे', काम नजरेतून सुटलं तर 'से मे पासो'. इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्यांना या रचनेपाशी घाम फुटतो. पुस्तकात दोन-दोन पानं स्पष्टीकरण असतं. अरे, पण तुम्ही घरी काय बोलता? 'माझ्या हातून कप फुटला.' 'मला उशीर झाला.' 'मला विसर पडला.' किल्ल्या अनेक असल्या तर 'से मे कायेरोन लास यावेस', क्रियापद किल्ल्यांप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. मराठीतही 'माझ्या हातून किल्ल्या पडल्या'च. माझं स्पष्ट मत आहे की हा धडा मराठीतूनच शिकवावा, इंग्रजीला मध्ये आणूच नये.

स्पॅनिश येणारे, त्या देशांत राहिलेले, तिथल्या लोकांबरोबर काम करणारे इथे बरेच आहेत. दोष देणं, दोष झटकणं आणि दोष मनाला लागणं याबद्दल तुमच्या कानावर काय काय पडतं ते लिहा.

रानमेवा
मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).
एक शंका. 'एचार' म्हणजे टाकणे. मग 'ते एचो दे मेनोस' म्हणजे 'मला तुझी आठवण येते' असं ॲपनं शिकवलं ते काय? दोष टाकणं आणि आठवण येणं एकाच क्रियापदानं? तिकडे लग्नं टिकतात कशी?

कुंदकळी
@रानमेवा, ते स्पेनमध्ये. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'ते एक्स्त्रान्यो' म्हणतात, तिथले संसार सुरक्षित आहेत.
आणखी एक गंमत: 'एचो' (मी टाकतो) आणि 'एचो' (केलेलं) यांत लिहिताना एका मुक्या ह-चा फरक, बोलताना शून्य. स्पॅनिश मुलं शाळेत यावरून मार खातात, म्हणजे परीक्षेतल्या मार्कांत.

ग्वादालाहाराकर
मेक्सिकोत आयटीत आहे, तिथला अनुभव. मीटिंगमध्ये 'से मे पासो' इतकं सर्रास ऐकू येतं की सुरुवातीला वाटायचं, इथे कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं. नंतर कळलं की ही तिथली सभ्यता आहे. माणूस चूक नाकारत नसतो, 'मुद्दाम केलं नाही' एवढंच सांगत असतो. पुढचं वाक्य बहुतेक वेळा 'ओरिता लो अर्रेग्लो', म्हणजे आत्ता दुरुस्त करतो. (हे 'आत्ता' म्हणजे पाच मिनिटं की उद्या, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

आणि 'पेना' या शब्दापासून सावध राहा. स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे वाईट वाटतं, कीव येते. मेक्सिकोत त्याचा अर्थ 'मला संकोच वाटतो, लाज वाटते'. कोलंबियाची एक सहकारी कॉलला उशिरा आली की 'के पेना कोन उस्तेद' म्हणायची. माझं स्पॅनिश स्पेनच्या पुस्तकातलं, त्यामुळे मला वाटायचं हिला माझी दया का येतेय?

काळाकोट
कोर्टकचेरीतल्या माणसाची भर. कुल्पाचा कायद्यातला अर्थ बोलण्यातल्या अर्थापेक्षा अरुंद आहे आणि तिथे भाषांतरकार हमखास घसरतात.

रोमन कायद्यापासून आलेली जोडी आहे, दोलो आणि कुल्पा. दोलो म्हणजे हेतू, जाणूनबुजून केलेलं. कुल्पा म्हणजे हेतू नसताना निष्काळजीपणानं झालेलं. त्यामुळे अर्जेंटिना, मेक्सिको किंवा कोलंबियातल्या बातमीत 'ओमिसिदियो कुल्पोसो' दिसलं की अर्थ असा, की बेदरकार गाडी चालवली आणि त्यात माणूस गेला. मारायचं मनात नव्हतं.

आता हेच मराठीत आणताना लोक 'सदोष मनुष्यवध' लिहितात. शब्दाला शब्द जुळतो, कारण इंग्रजी कायद्यातल्या त्या संज्ञेचं (कल्पेबल होमिसाइड) मूळही तेच लॅटिन. पण आपल्याकडे सदोष मनुष्यवध हा गंभीर गुन्हा आहे, त्यात इरादा किंवा परिणामाची जाणीव धरलेली आहे. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४पासून लागू) तो कलम १०० आणि १०५मध्ये येतो. निष्काळजीपणानं मृत्यू हे कलम १०६, म्हणजे जुन्या दंडविधानातलं ३०४अ. ओमिसिदियो कुल्पोसो या दुसऱ्या खणात बसतं. एक शब्द चुकला की आरोपी एकदम वरच्या पायरीवर.

स्पेननं १९९५च्या दंडसंहितेत हा घोळ टाळला. तिथे 'इम्प्रुदेन्सिया' म्हणतात, आणि गुन्ह्याला 'ओमिसिदियो इम्प्रुदेन्ते'.
'कुल्पाब्ले' मात्र सरळ आहे: दोषी. आणि त्याच्याबरोबर 'सेर' येतं, 'एस्तार' नाही ('असणे'साठी स्पॅनिशमध्ये ही दोन क्रियापदं आहेत). दोषी असणं ही तात्पुरती अवस्था मानलेली नाही.

पाटाचंपाणी
@काळाकोट, जबरदस्त प्रतिसाद. शेवटचं वाक्य तर वा!

कुंदकळी
@काळाकोट, खूप आभार, हे क्लासमध्ये वापरणार. फक्त एक टोक जोडते. 'सेर'चा संबंध कायम-तात्पुरत्याशी लावू नका, नाहीतर पुढच्याच धड्यात 'एस्तार मुएर्तो' (मेलेला असणे) येतं आणि वर्गात गदारोळ होतो. मेल्यावर परत येण्याची सोय स्पॅनिशमध्येही नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्या आजोबांची पिढी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, धक्का लागला की 'देश्कुल्प' म्हणायची. स्पॅनिशचं 'दिस्कुल्पे' त्याचंच भावंड. दोन्हींत कुल्पा आहे, म्हणजे 'माझ्यावरचा दोष काढून घ्या'.

पण मला लिहायचंय ते 'साम्बेनितो'बद्दल. स्पॅनिशमध्ये 'कोल्गार एल साम्बेनितो' म्हणजे एखाद्याला कायमचा बट्टा लावणं, शिक्का मारणं. साम्बेनितो हा इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयात, दोषी ठरलेल्यांना घालायला लावलेला झगा, बहुतेक पिवळा, त्यावर क्रूस रंगवलेला. शिक्षा संपली तरी प्रकरण संपायचं नाही. स्पेनमध्ये तो झगा नावासकट चर्चमध्ये टांगून ठेवत, मुलानातवंडांनी दर रविवारी बघावा म्हणून. वाक्प्रचारातलं 'कोल्गार' म्हणजे टांगणं, ते हेच.

हा झगा आमच्याकडेही होता. गोव्यातलं इन्क्विझिशन पोर्तुगीजांचं, १५६० ते १८१२, मधली काही वर्षं बंद. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य १६७०च्या दशकात त्या तुरुंगात होता. सुटून गेल्यावर त्यानं सगळं लिहिलं. झग्यांचे प्रकारही लिहिलेत: साध्या दोषींना क्रूसवाला, आणि जाळायला न्यायचं त्याच्या झग्यावर ज्वाळा, भुतं आणि त्याचं स्वतःचं चित्र. आयत्या वेळी कबुली देऊन वाचला असेल तर ज्वाळा उलट्या, खाली तोंड केलेल्या. माद्रिदचा माणूस आज ऑफिसातल्या कुरबुरीत 'मला साम्बेनितो टांगला' म्हणतो तेव्हा त्याला यातलं काही आठवत नसणार.

अनघड
मूळ लेखातल्या 'से मे कायो'बद्दल. 'स्पॅनिश लोक भाषेमुळेच जबाबदारी टाळतात' असा निष्कर्ष काढणारे लेख आंतरजालावर भरपूर आहेत. तसं काही सिद्ध झालेलं नाही. झालंय ते जास्त बारीक आहे. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोदित्स्की यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना चित्रफिती दाखवल्या: कुणी मुद्दाम फुगा फोडतो, कुणाकडून चुकून फुटतो, असं. मुद्दाम केलेल्या कृतीचं वर्णन दोघांनीही 'अमक्यानं फोडला' असंच केलं, आणि कुणी केलं हे दोघांनाही सारखंच आठवलं. चुकून झालेल्या गोष्टींत मात्र इंग्रजीवाल्यांनी कर्त्याचं नाव जास्त वेळा घेतलं आणि नंतर तो माणूसही त्यांना जास्त चांगला आठवला.

म्हणजे फरक अपघातापुरता. आणि साक्षीदाराच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं असेलही, पण यावरून कुणाच्या नीतिमत्तेचं मोजमाप करू नये. आपल्याकडे 'माझ्या हातून' म्हणणारा माणूसही ग्लासाचे पैसे भरतोच.

टोळभैरव
भरतो? आमच्या मेसमध्ये या.

कुंदकळी
@अनघड, सहमत. उलट मला तर वाटतं 'से मे' असल्यामुळे मुद्दाम आणि चुकून यांतला फरक पहिल्याच शब्दात कळतो. पोरगं 'मी फोडला' म्हणालं तर आई विचारते 'का?', आणि 'माझ्या हातून फुटला' म्हणालं तर 'लागलं नाही ना?'

मिरजोळे
ब्वेनोस आयरेसला काही काळ होतो. तिथलं एक वाक्य सांगतो: 'आल्गो आब्रान एचो'. 'त्यांनी काहीतरी केलंच असेल.'

२४ मार्च १९७६ला अर्जेंटिनात लष्करानं सत्ता घेतली, १९८३च्या डिसेंबरात लोकशाही परतली. मधल्या काळात माणसं घरातून, रस्त्यावरून उचलली गेली आणि परत आलीच नाहीत. मानवी हक्क संघटना ३०,००० आकडा सांगतात. शेजारच्या घरातला मुलगा नाहीसा झाला की लोक खालच्या आवाजात हे म्हणायचे: आल्गो आब्रान एचो. किंवा 'पोर आल्गो सेरा', काहीतरी कारण असेलच. उचलणाऱ्याचं नाव वाक्यात नाही. दोष गेला उचललेल्यावर. आज अर्जेंटिनात हे वाक्य त्या काळातल्या भीतीचं आणि सामान्यांच्या सोयीस्कर गप्प बसण्याचं चिन्ह मानतात, सरळ अर्थानं कुणी वापरलं तर लोक अंगावर येतात.

व्याकरण बघा. 'आब्रान' हे भविष्यकाळाचं रूप, पण अर्थ अंदाजाचा. मराठीत 'केलं असेल' म्हणताना आपणही हेच करतो. अंदाज म्हणून बोलायचं, म्हणजे पुरावा द्यावा लागत नाही. आणि हे वाक्य आपल्याकडे कुठल्या बातम्यांखाली, कुणाबद्दल ऐकू येतं ते वेगळं सांगायला नको.

सुपारीबाग
@मिरजोळे, अंगावर काटा आला. यावरून चिलेतलं आठवलं. २०१९च्या नोव्हेंबरात वाल्पाराइसोमधल्या बायकांनी रस्त्यावर डोळ्यांना पट्ट्या बांधून जे सादरीकरण केलं, ते पुढे कितीतरी देशांत झालं. त्यातली सगळ्यांना पाठ झालेली ओळ 'ला कुल्पा नो एरा मीआ' अशी सुरू होते. दोष माझा नव्हता. मी कुठे होते, काय घातलं होतं, त्याचा नव्हता. धाग्यातला पहिला नियम (कुल्पा, फाल्ता नव्हे) मला तिथूनच पक्का झाला.

रानमेवा
धागा गंभीर झाला, चांगलं झालं. पण म्हणीही येऊ द्या की कुणीतरी.

पाटाचंपाणी
@रानमेवा, घ्या.
'एचार ला कुल्पा आल एम्पेद्रादो': फरसबंदीला दोष देणे. आपलं 'नाचता येईना अंगण वाकडं'. चिलेत फार ऐकू येतं.
'पागार एल पातो': बदकाचे पैसे भरणे. दुसऱ्यानं केलेलं आपण निस्तरणे.
'काबेसा दे तुर्को': तुर्काचं डोकं. आपला बळीचा बकरा. (बकराही आहे: चिबो एक्स्पियातोरियो. तो बायबलमधला.)
'कार्गार कोन एल मुएर्तो': मुडदा वाहणे. नको ते लोढणं गळ्यात येणं. असं सांगतात की जुन्या काळी हद्दीत प्रेत सापडलं आणि मारेकरी मिळाला नाही तर दंड अख्ख्या गावाला, म्हणून लोक रात्री प्रेत शेजारच्या गावात नेऊन टाकायचे. 'एचार एल मुएर्तो', पुन्हा तेच टाकणं!
'कारा दे यो नो फुई': 'मी नाही बाबा' असा चेहरा. मी नाही त्यातली आणि कडी लावा आतली.
आणि माझी लाडकी, चिले-अर्जेंटिनाकडची: 'ला कुल्पा नो एस देल चांचो, सिनो देल के ले दा एल आफ्रेचो.' दोष डुकराचा नाही, त्याला कोंडा घालणाऱ्याचा. निवडणुकीनंतर वापरायला उत्तम.

काळाकोट
एक राहिली: 'एन्त्रे तोदोस ला मातारोन ई एया सोला से मुरियो'. सगळ्यांनी मिळून तिला मारलं आणि ती आपली आपणच मेली. चौकशी समितीच्या कुठल्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर छापावी.

याच्या उलट टोक म्हणजे फुएन्तेओबेहुना. कोर्दोबाजवळचं गाव. १४७६मध्ये गावकऱ्यांनी जुलमी कोमेंदादोरला (गावावर सत्ता चालवणाऱ्या सरदाराला) ठार केलं. छळ करून विचारलं, 'कुणी मारलं?' तर एकच उत्तर: 'फुएन्तेओबेहुनानं.' पुढे त्यावर नाटक आलं आणि गावाचं नाव 'सगळे एक' या अर्थी भाषेत राहिलं. सामूहिक दोष घेतला की शिक्षा द्यायची कुणाला?

अनघड
माफीबद्दल कुणीच लिहिलं नाही. कुल्पा कबूल न करता माफी कशी मागावी याचा उत्तम नमुना म्हणजे स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस. २०१२च्या एप्रिलमध्ये देश आर्थिक संकटात आणि हे बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला. तिथे खुब्याचं हाड मोडलं म्हणून बाहेर फुटलं. १८ एप्रिलला माद्रिदच्या रुग्णालयातून निघताना कॅमेऱ्यासमोर बोलले: 'लो सिएन्तो मुचो. मे ए एकिबोकादो ई नो बोल्वेरा आ ओकुर्रिर.' स्पॅनिशमध्ये ११ शब्द. फार वाईट वाटतं, मी चुकलो, पुन्हा होणार नाही. यात 'पेर्दोन' (क्षमा) नाही, 'कुल्पा' नाही, काय चुकलं तेही नाही. तरी स्पेनमध्ये खळबळ, कारण राजानं असं बोलणं लोकांनी कधी ऐकलं नव्हतं.

उलट २०१९मध्ये मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनच्या राजाला (आता हुआन कार्लोस यांचा मुलगा फेलिपे) पत्र लिहून स्पॅनिश आक्रमणातल्या अत्याचारांबद्दल माफी मागावी म्हटलं. स्पेन सरकारनं साफ नकार दिला. २०२४मध्ये मेक्सिकोच्या नव्या अध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम यांच्या शपथविधीला राजाला बोलावलंच नाही, ते याच कारणावरून.

कुंदकळी
@अनघड, 'मी चुकलो'वर एक. मराठीत 'मी चुकलो' आणि 'माझं चुकलं' दोन्ही आहेत, आणि दुसऱ्यात माणूस अर्धा पाऊल मागे सरकलेला असतो. या क्रियापदाला स्पॅनिशमध्ये तशी पळवाट नाही, 'मे एकिबोके' म्हणावंच लागतं. से मे-वाल्या भाषेत हे बघून मला नेहमी नवल वाटतं.

मनाच्या टोचणीला 'रेमोर्दिमिएन्तो'. आत 'मोर्देर', चावणे, दडलेलं आहे. आपलं 'मन खातं' तेच.

ग्वादालाहाराकर
@कुंदकळी ताई, '-मुळे'साठी विद्यार्थी काय वापरतात? माझ्या टीममध्ये नवीन मुलं 'ग्रासियास आ' सगळीकडे घालतात. 'सर्व्हर बंद पडला, ग्रासियास आ अमुक.' तो अमुक चिडला.

कुंदकळी
चिडणारच, ते 'अमुकच्या कृपेनं' झालं. चांगलं झालं तर ग्रासियास आ, वाईट झालं तर पोर कुल्पा दे, आणि कुणालाच दुखवायचं नसेल तर देबिदो आ. आपलं '-मुळे' तिन्ही ठिकाणी चालतं म्हणून हा गोंधळ. ऑफिसमध्ये देबिदो आ वापरायला सांगा, नोकऱ्या टिकतील.

टोळभैरव
कामाचा प्रश्न. मेक्सिकोच्या क्लायंटला मेल उशिरा जातोय. काय लिहू? पेर्दोन, लो सिएन्तो, दिस्कुल्पे, की काय?

ग्वादालाहाराकर
@टोळभैरव, मेक्सिकोत सरळ 'उना दिस्कुल्पा पोर ला देमोरा' (उशिराबद्दल माफी) लिहा. सगळे तसंच लिहितात. लो सिएन्तो जरा जड होतं, कुणी गेल्यावरही तेच म्हणतात. पेर्दोन धक्का लागल्यावर. आणि 'से मे इसो तार्दे' फोनवर चालेल, मेलमध्ये नको.

टोळभैरव
पाठवला. उत्तर आलं, 'नो ते प्रेओकुपेस' (काळजी करू नकोस). पण इन्व्हॉइसबद्दल काहीच नाही.